महादेवरावांनी पारखलेली मोटार

रुपराव शंभरकर भाकरीचा दुसरा तुकडा मोडत होते, तेव्हा सुमतीबाईंनी दोन बातम्या एका दमात सांगून टाकल्या. कळमेश्वरच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांची निवड झाली होती. आणि आता घरात मोटार घ्यावी लागणार होती.

पहिल्या बातमीनं रुपरावांचा चेहरा फुलला. दुसरी ऐकून तो फुललेल्या जागीच अडकून राहिला.

"मोटार कायले?"

"मी तिथं सांगितलं, आमच्याकडे मोटार आहे म्हणून."

"आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

"आपल्याकडे. दुसऱ्या कोणाकडे असून काय फायदा?"

रुपरावांनी दाराशी टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत तोवर, म्हणजे त्र्याहत्तर सालापर्यंत, मोटार एकदाच आली होती, आणि तीही पत्ता चुकून.

झालं होतं असं. शाळा सकाळी सातची, आणि नागपूरहून पहिली एस.टी. कळमेश्वरला पोचायची साडेसातला. सुमतीबाईंनी गावात एक खोली आधीच पाहून ठेवली होती. पण घरमालकानं आडनाव विचारलं, आणि ती खोली आपल्या मेव्हण्याला लागणार असल्याचं त्याला एकदम आठवलं. मुलाखत घ्यायला संस्थेचे सेक्रेटरी वामनराव बसले होते. त्यांचा भाचा बी.एड. होऊन घरीच होता, त्यामुळे त्यांनी मुलाखत फार मनापासून घेतली. उलटसुलट प्रश्न विचारूनही बाई हार जाईनात, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, बाकी सगळं ठीक आहे. पण नागपूरहून तुम्ही सातच्या आत येणार कशा?"

"मोटारनं," सुमतीबाई म्हणाल्या. हा शब्द आपल्या तोंडातून कसा निघाला, हे त्यांना पुढंही कधी कळलं नाही.

संस्थेच्या अध्यक्ष भागीरथाबाई तोवर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "मंग काय अडचण आहे?" पण वामनराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी तिथल्या तिथं ठराव केला. शाळा उघडेल त्या दिवशी बाई सातच्या घंटेआधी मोटारीसह फाटकात हजर झाल्या, तर नेमणुकीच्या कागदावर सही होईल. नाहीतर दुसऱ्या उमेदवाराचा विचार होईल. दुसरा उमेदवार कोण, हे ठरावात नव्हतं, पण ते साऱ्या कळमेश्वरला ठाऊक होतं.

"सांगून दे ना, मोटार विकली म्हणून," रुपराव म्हणाले.

"अजिबात नाही." सुमतीबाईंनी डोळे पुसले. "पंधरा वर्षं मी दुसऱ्याच्या हाताखाली शिकवलं. माझी माय लोकाच्या वावरात निंदण करत होती. तिच्या पोरीनं त्या खुर्चीवर बसावं असं मले वाटते. यात काय चुकलं माझं?"

बायकोच्या डोळ्यांतलं पाणी रुपरावांना पाहवत नसे. त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"काही नाही चुकलं. घेऊ मोटार."

पुढं जे काही झालं ते या दोन शब्दांमुळं झालं. माणसानं जेवताना फार बोलू नये म्हणतात ते काही उगाच नाही.

नव्या मोटारीचा प्रश्नच नव्हता. नव्यासाठी आज नाव नोंदवलं असतं, तर ती मुलाच्या लग्नापर्यंत मिळाली असती, आणि मुलगा चौथीत होता. दोघांची साठवण मिळून पाच हजार. वर एक छदाम नाही. एवढ्यात जुनी, पण रोज पहाटे न कुरकुरता जाऊन येणारी मोटार पाहिजे होती. शिवाय ती चालवणारंही कुणीतरी पाहिजे होतं. त्यासाठी रुपरावांनी मोटार शिकवणाऱ्या क्लासात नाव घातलं. पण त्यांच्या अंगात सायकल मुरलेली. थांबायची वेळ आली की ते ब्रेक सोडून दोन्ही पाय खाली टेकवायला जागा शोधत. सोबत म्हणून मागच्या सीटवर बसणाऱ्या सुमतीबाई मात्र नुसतं बघून बघून शिकल्या. शेवटी मास्तरांनी लायसन त्यांनाच काढून दिलं आणि रुपरावांना म्हणाले, "साहेब, तुमाले सायकलच शोभते."

राहिली मोटार. रुपरावांना मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हे विकणाऱ्याला लांबूनच दिसत होतं. सदरमधल्या एका सेठनं तर त्यांना जी मोटार दाखवली, तिच्यात इंजिनच नव्हतं. "वो कल बैठ जाएगा साब," सेठ म्हणाला. त्या संध्याकाळी रुपरावांनी कुहीला निरोप पाठवला आणि महादेवरावांना बोलावून घेतलं.

महादेवराव म्हणजे रुपरावांचे काका. सगळं घर त्यांना काकाजी म्हणे. कुहीकडं त्यांची धानाची शेती होती, आणि आसपासच्या गावांत कुणालाही बैल घ्यायचा असला की तो आधी काकाजींच्या दारात येई. काकाजींनी पाठीवर हात ठेवलेला बैल कधी नांगराखाली बसला नाही, अशी त्यांची ख्याती होती.

"पण काकाजी, बैल वेगळा आणि मोटार वेगळी," रुपराव चाचरत म्हणाले.

"वेगळं काय आहे गा त्याच्यात? जनावराले चार पाय, मोटारले चार चाकं. आणि विकणारा तं दोन्हीकडे सारखाच बदमाश असते."



रविवारी काकाजी खांद्यावर दुपट्टा टाकून निघाले. सेठनं या वेळी इंजिन असलेली मोटार काढली. ती नव्या रंगानं चकचकत होती. काकाजींनी तिच्याभोवती फेरी मारली, पाठीवर थाप मारली, खाली वाकून वास घेतला.

"दात किती?"

"क्या?" सेठनं विचारलं.

"वय विचारून राहिलो."

"एकदम जवान है, चाचा!"

"जवान आहे तं इतका नट्टापट्टा काहून? शिंगं रंगवली, खुराले तेल लावलं, पण चाल दाखवून नाही राहिला. चाल गा रुपराव."

तिथून ते एका वकिलांकडे गेले. वकिलांची मोटार खरोखर चांगली होती, आणि पाच हजारांत बसतही होती. पण चालू होताना तिनं असा झटका दिला की आत बसून चहा पिणाऱ्या काकाजींच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. "मारकी आहे," म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली. वकील साहेब गयावया करत फाटकापर्यंत आले, पण मारक्या जनावराबद्दल काकाजी एकदा बोलले की बोलले. रुपरावांनी त्या मोटारीकडं तीनदा मागं वळून पाहिलं.

धरमपेठेत गोपाळराव नावाचे रिटायर्ड रेंजर राहत. ते शनिवारी कायमचे जबलपूरला मुलाकडे निघाले होते आणि त्यांना मोटार काढून टाकायची होती. मोटार पोपटी रंगाची, विलायती. तिच्या नावाची पाटी कधीच गळून पडली होती, त्यामुळे ती कोणत्या कंपनीची हे खुद्द गोपाळरावांनाही नक्की सांगता येत नव्हतं. रुपराव मागच्या सीटवर बसून गादी किती मऊ आहे ते पाहू लागले. काकाजी सरळ मुद्द्यावर आले.

"मालक, खोड सांगा."

गोपाळरावांचं आयुष्य जंगलात गेलेलं. माणसांशी खोटं बोलण्याचा त्यांना सराव नव्हता. "खोडी आहेत ना," ते म्हणाले. "डावीकडं वळली की भोंगा आपोआप वाजतो."

"वाजू द्या. मुक्यापेक्षा बरं."

"त्याच वेळेला डावं दारही उघडतं."

"डाव्या अंगानं ढिली आहे म्हणा. आणखी?"

"पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असतो. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, तो काही हलत नाही."

काकाजींचे डोळे चमकले. "अर्ध्या पोटावर समाधानी! रुपराव, असं जनावर नशिबानं भेटते गा!"

गादीत रुतलेल्या रुपरावांना त्यातलं 'नशिबानं भेटते' एवढंच ऐकू आलं.

खरं म्हणजे काकाजींना मोटारीपेक्षा माणूस पसंत पडला होता. ज्यानं आपल्या तोंडानं खोड सांगितली, त्याच्या दावणीचं जनावर डोळे झाकून घ्यावं, असा त्यांचा नियम. आता भाव राहिला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं धरली, तितका भाव. काकाजींनी हातावर दुपट्टा टाकला आणि तो हात गोपाळरावांपुढं केला. गोपाळरावांना वाटलं, ही खेड्याकडची निरोप घ्यायची पद्धत असेल. शहर सोडायच्या विचारानं त्यांचं मन तसंही हळवं झालं होतं. त्यांनी दुपट्ट्याखाली हात घातला आणि काकाजींचा अख्खा पंजा प्रेमानं धरला.

"पाच!" काकाजी ओरडले. "झाला सौदा!"

"अहो, पण मी सहा म्हणणार—"

"पंजा धरला मालक तुम्ही. आता मागं हटायचं नाही."

गोपाळरावांनी काकाजींकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं, आणि हसून मान डोलावली.

शनिवारी संध्याकाळी गोपाळरावांचा ड्रायव्हर गोविंदा मोटार घेऊन इंदोऱ्यात आला. गल्लीत शिरायचं वळण डावीकडचं होतं. भोंगा आपसूक वाजला आणि सगळी गल्ली बाहेर आली. शेजारच्या मीराबाई हौसेनं लिंबू-मिरची घेऊन धावल्या. काकाजींनी त्यांना हातानंच थांबवलं.

"छप्पन साली दीक्षा घेतली ना बाप्पा आपण? मंग आता लिंबू नाही, नारळ नाही, काहीच नाही."

मीराबाई ओशाळल्या. सुमतीबाईंना काकाजींचं फार कौतुक वाटलं. या वयातही माणूस किती पक्का आहे, असं मनाशी म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या. रुपराव गल्लीत बुंदी वाटायला निघाले. मोटारीजवळ काकाजी आणि गोविंदा दोघंच उरले.

गोविंदाला मालकांबरोबर जबलपूरची गाडी धरायची होती. त्यानं मोटार कडुनिंबाखाली उभी केली, काचा वर घेतल्या, दारांना चावी लावली आणि ती चावी काकाजींच्या हातात दिली.

"काकाजी, हे जपून ठेवा. याच्याशिवाय मोटार जाग्यावरून हलत नाही."

काकाजींनी हातातली चावी निरखून पाहिली. जिच्याशिवाय जाग्यावरून हलत नाही, ती वस्तू म्हणजे दावं. आणि बैल विकत घेताना जुनं दावं कुणी घेत नाही. विकणारा आपलं दावं ठेवून घेतो, घेणारा आपलं कोरं दावं घेऊन येतो. जुन्या दाव्यानं आणलेलं जनावर नव्या गोठ्यात रमत नाही. यात देवाधर्माचं काही नव्हतं. काकाजींच्या लेखी हा शुद्ध व्यवहार होता, आणि व्यवहार सोडायला छप्पन साली कुणी सांगितलं नव्हतं.

"हे तुमच्या मालकाले परत द्या," ते म्हणाले. "सांगा, आमच्याकडे नवं आहे."

"नवं केलं?"

"केलं ना. कोरं."

यांनी दुसरी चावी करून घेतली असेल, असं गोविंदाला वाटलं. गाडीची वेळ झाली होती. त्यानं चावी खिशात घातली आणि तो गेला.

मग काकाजींनी इतवारीतून आणलेली कोरी साखळी पिशवीतून काढली. मोटारीच्या समोरच्या लोखंडी पट्टीत ती ओवली, कडुनिंबाच्या बुंध्याला दोन वेढे दिले आणि वर कोरं कुलूप ठोकलं. त्या रात्री ते अगदी समाधानानं झोपले.

रविवारी सकाळी सुमतीबाईंना सराव करायचा होता. दुसऱ्या दिवशी शाळा उघडत होती.

"काकाजी, चावी देता का?"

काकाजींनी कुलपाची चावी दिली.

"ही नाही. मोटारची."

"थे दावं? थे परत केलं."

"परत केलं? कोणाले?"

"मालकाले. जुनं दावं घेत असते का कोणी? तू इतकी शिकली वं सुमती, तुले हे माहीत नाही?"

सुमतीबाई ओट्यावर मटकन बसल्या. रुपराव दाढीचा साबण तसाच तोंडाला ठेवून सायकलवरून धरमपेठेत गेले आणि तिथलं बंद कुलूप पाहून परत आले. दारं बंद, काचा बंद, चावी जबलपुरात, आणि मोटार कोऱ्या साखळीनं झाडाला बांधलेली.

"काहून केलं असं काकाजी?" रुपरावांचा आवाज रडवेला झाला. "हिची नोकरी गेली ना आता!"

काकाजींना आधी चूक कुठं झाली हेच समजेना. सुमतीबाईंनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं, जसं त्या चौथीच्या वर्गाला सांगत, आणि त्या शांतपणाचंच काकाजींना जास्त लागलं. ते दुपारी जेवले नाहीत. आपण आता तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि तो निश्चय दिवसभर पाळला. तेच नडलं.

कामठी रोडवरचा गिरिधर मिस्त्री संध्याकाळी एका लग्नातून थेट आला. त्यानं तारेनं दार उघडलं, स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि तीन वायरी बाहेर ओढल्या.

"हे पाहा ताई, लाल आणि पिवळी पिळून ठेवा. काळी जराशी टेकवा. फर्र झालं की काळी सोडून द्या. चावीची गरजच नाही. चावी कायले लागते? चोरासाठी."

इंजिन धडधडलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पण पेट्रोल टाकायला गेले, तर टाकीच्या झाकणालाही कुलूप, आणि त्याला तीच चावी. गिरिधरनं हातोडी उचलली. काकाजी न बोलता दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले. घरात आल्या आल्या जनावराला मार नको, हे त्यांच्या तोंडावरच लिहिलं होतं.

"राहू द्या," काट्याकडं नजर टाकून गिरिधर म्हणाला. "अर्धी टाकी आहे. आरामात जाऊन याल."

काकाजी तिथंच उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांनी काही सांगितलं नाही.

सोमवारी पहाटे काकाजींनी कुलूप काढून मोटार मोकळी केली. सुमतीबाई स्टिअरिंगवर, रुपराव शेजारी डावं दार दोरीनं धरून, काकाजी मागं. काटोल रोडला लागेपर्यंत भोंग्यानं अर्धं नागपूर उठवलं, पण त्यानंतर रस्ता सरळ होता आणि मोटार सुरेख पळत होती. फेटरी मागं पडलं. सुमतीबाईंना एकदम वाटलं, जमलं आपल्याला. त्या चक्क हसल्या. तेवढ्यात मोटारीनं दोन आचके दिले, एक सुस्कारा सोडला आणि कळमेश्वर समोर दिसत असताना ती उभी राहिली.

सुमतीबाईंनी लाल-पिवळी पिळली, काळी टेकवली. काही नाही.

"पेट्रोल तं आहे," रुपराव म्हणाले. "काटा पाहा ना, अर्ध्यावर आहे."

"थे नेहमीच अर्ध्यावर राहते," मागून काकाजी म्हणाले. दिवसभरानंतरचं ते त्यांचं पहिलं वाक्य. "मालकानं सांगितलं होतं."

रुपराव सावकाश मागं वळले. "मंग तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही बोलून राहिले होते का माझ्याशी?"

सुमतीबाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. चालत गेल्या असत्या, तरी त्या वेळेवर पोचल्या असत्या. पण वामनरावांच्या ठरावात मोटार होती. त्यांना काकाजींचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त राग मुलाखतीतल्या स्वतःच्या त्या एका शब्दाचा आला. रडू आलं ते त्यांनी पदरानं पुसलं.

तेवढ्यात बळीराम नावाचा एक शेतकरी बैलजोडी घेऊन वावराकडं निघालेला दिसला. रुपरावांनी धावत जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"शाळेच्या नव्या बाई काय?" बळीराम म्हणाला. "माही पोट्टी तिथंच आहे सातवीत. बांधा दोर."

तो जू आणि दोर नीट करतोय, तोवर काकाजी खाली उतरून बैलांपाशी पोचले होते. त्यांनी एकाचं खूर उचललं, दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"उजवा बसका दिसते."

"बसका?" बळीराम भडकला. "तुमच्या मोटारीपेक्षा तं कमी बसते!"

"दुसरी जोडी पाहू का एखादी?"

"काकाजी!" सुमतीबाई आयुष्यात पहिल्यांदा सासरच्या वडीलधाऱ्या माणसावर ओरडल्या. "आपण बैल विकत घेऊन नाही राहिलो! बसा गाडीत!"

काकाजी बसले.

बैल निघाले, पण बैलांच्या चालीनं. सुमतीबाई एक डोळा रस्त्यावर आणि एक घड्याळावर ठेवून मोटार सरळ ठेवत होत्या. बळीराम ओरडत होता, शेपट्या पिळत होता, पण बैलांना शाळेची घाई नव्हती. गावाच्या तोंडाशी रस्ता डावीकडं वळला. सुमतीबाईंनी स्टिअरिंग फिरवलं आणि मागून भोंगा फुटला. दोन्ही बैलांनी एकदम कान टवकारले, शेपट्या वर केल्या आणि उधळले. बळीराम बाजूला उडी मारून वाचला. डावं दार उघडलं, त्याबरोबर दोरीला धरून रुपराव अर्धे बाहेर गेले. दोर ताणलेला, भोंगा सुरू, कोंबड्या सैरावैरा, आणि मागच्या सीटवर काकाजी आनंदानं ओरडत होते, "चाल पाहा! चाल पाहा उजव्याची!"

शाळेच्या फाटकात वामनराव घड्याळ काढून उभे होते. शेजारी इस्तरीच्या कपड्यांत भाचा होता. खुर्ची टाकून भागीरथाबाई बसल्या होत्या. शिपाई घंटेखाली हातोडा घेऊन तयार होता. तेवढ्यात कोपऱ्यावरून धुरळा आला, धुरळ्यातून बैल आले आणि बैलांच्या मागून पोपटी मोटार. सुमतीबाईंनी होता नव्हता तेवढा जोर ब्रेकवर दिला. सगळं लटांबर फाटकाच्या आत येऊन थांबलं. भोंगाही थांबला.

सुमतीबाई खाली उतरल्या. पदर सारखा केला. "नमस्कार. सात वाजायचे आहेत ना अजून?"

वामनरावांनी बैलांकडं बोट दाखवलं. "बाई, ही काय मोटार म्हणायची? हिला तर बैल जुंपलेत!"

"वामनराव," खुर्चीतून भागीरथाबाई म्हणाल्या. हसू आवरताना त्यांचे खांदे हलत होते. "तुमच्या ठरावात मोटार होती. मोटार आली. सातच्या आत आली. तिले कोण ओढते, हे तुम्ही लिहिलं होतं काय? नाही ना? मंग आणा इकडं कागद."

सही मोटारीच्या बॉनेटवरच झाली. मग घंटा वाजली. भाचा आपली इस्तरी सांभाळत घरी गेला, आणि सुमतीबाई आत जाऊन त्या खुर्चीवर बसल्या. लाकडी, एका हाताची खुर्ची. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि आईची आठवण येऊन त्या थोडा वेळ तशाच बसून राहिल्या.

प्रार्थनेला उभ्या राहिल्या, तेव्हा अर्धं पटांगण रिकामं होतं. साडेसात उलटून गेल्यावर बाहेर गलका झाला. दप्तरं घेतलेल्या मुलींची मोठी रांग फाटकाबाहेर उभी होती आणि शिपाई त्यांना आत सोडत नव्हता.

"ह्या काहून बाहेर?" सुमतीबाईंनी विचारलं.

"उशिराच्या आहेत बाई. रस्त्यावरच्या गावातून पहिल्या एस.टी.नं येतात. रोजचंच आहे. पहिला तास बाहेर उभं राहतात आणि मंग आत येतात."

सुमतीबाईंनी रांगेकडं पाहिलं, आणि मग रस्त्याकडं. त्या क्षणी त्यांच्या मनात आधी मुली आल्या की आधी एस.टी. आली, हे आपणही कशाला विचारायचं? त्यांनी मुलींना आत घेतलं, वामनरावांना आणि भागीरथाबाईंना ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, की उद्यापासून शाळा आठला भरवावी म्हणते.

वामनराव खुर्चीतून अर्धे उठले. "आठला? कुणाच्या सोयीसाठी, बाई?"

"मुलींच्या. माझं काय आहे वामनराव? माझ्याकडे तं मोटार आहे. मी सहालाही येईन. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं ना आज?"

वामनराव पुन्हा खुर्चीत बसले. मोटार सगळ्यांनी पाहिली होती, हे त्यांना नाकारता येईना. भागीरथाबाईंचे डोळे भरून आले. "पाहा," त्या म्हणाल्या, "शहरातली मोटारवाली बाई, पण गरिबाच्या लेकीचा विचार करते. द्या, मी सही करते."

मोटार परत न्यायला गिरिधरला यावं लागलं, आणि टाकीचं झाकण अखेर तोडावंच लागलं. काकाजी त्या वेळी पाठ करून उभे होते. चावी पुढं जबलपूरहून पार्सलानं आली. काकाजी तोवर कुहीला गेले होते, म्हणून ती घरात राहिली. मोटार मात्र कडुनिंबाखालून फारशी हलली नाही. हलायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सुमतीबाई पहिल्या एस.टी.त चढल्या, तेव्हाच बसायला जागा नव्हती, आणि फेटरीपासून पुढं तर बस गच्च भरली. दांडीला धरून त्या उभ्या होत्या. सातवीतल्या एका मुलीनं त्यांना पाहिलं आणि कंडक्टरच्या कानात काहीतरी सांगितलं. कंडक्टरनं लगेच पुढच्या सीटवरच्या माणसाला खांद्याला धरून उठवलं.

"सरका गा भाऊ," तो मोठ्यानं म्हणाला, "मोटारवाल्या बाईले बसू द्या."